चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. ज्याचा मुक्काम एके ठिकाणी टिकत नाही, ज्याचा सारा संसार त्याच्याबरोबरच हिंडतो, अशा माणसाला ती लावतात. या म्हणीतील ‘बिऱ्हाड’ हा शब्द विचार करण्यासारखा आहे. घर म्हटले की पाया, भिंती, उंबरठा आणि अंगण डोळ्यांपुढे उभे राहते. बिऱ्हाड म्हटले की भांडी, अंथरुणे, धान्याची पोती आणि चूल आठवते. म्हणजे घरातील जे जे उचलून नेता येते, ते सर्व. माणसाला आपल्या पाठीवरून फार थोडे नेता येते. म्हणून त्याने आपले बिऱ्हाड प्रथम बैलांच्या व गाढवांच्या पाठीवर लादले आणि पुढे ते चाकांवर चढविले. चाकांवरचे हे बिऱ्हाड कसे रचतात, त्यात माणसे कशी राहतात आणि त्यात काय मावत नाही, ते आपण या पाठात पाहू.

जमिनीवरच्या घराचा भार पाया पेलतो. चाकांवरच्या घराचा सारा भार आखावर पडतो. या एका फरकामुळे चाकांवरच्या घराची बांधणी निराळ्या रीतीने करावी लागते. पहिला विचार वजनाचा. जमिनीवर घर बांधणारा दगडाच्या जाड भिंती उभारू शकतो. परंतु ज्याला घर ओढून न्यावयाचे आहे, त्याला प्रत्येक वस्तू तोलून घ्यावी लागते. पाण्याचेच उदाहरण घ्या. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. दोनशे लिटरचे पिंप भरून घेतले, की दोनशे किलोग्रॅम ओझे वाढले! म्हणून फिरत्या घरात पाणी बेताचेच नेतात आणि मुक्काम पाण्याजवळ करतात.

दुसरा विचार रुंदीचा. घर कितीही मोठे हवेसे वाटले, तरी ते रस्त्यात मावले पाहिजे. आपल्या देशात मोटारवाहनाची रुंदी साधारणपणे २.६ मीटर, म्हणजे सुमारे साडेआठ फूट, यापेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. त्यामुळे चाकांवरचे घर लांबट व अरुंद होते, एखाद्या पेटीसारखे.

तिसरा विचार तोलाचा. दोन चाकांच्या बैलगाडीत भार आखाच्या मागे गेला, तर गाडीची पुढची बाजू वर उचलली जाते, जू मानेवरून सरकते आणि गळ्याखालचा पट्टा बैलांना काचू लागतो. अशी गाडी उलाळ झाली असे म्हणतात. उलट भार फार पुढे आला, तर सारे ओझे बैलांच्या मानांवर पडते. म्हणून जाणता गाडीवान जड पोती आखाच्या वर, किंचित पुढच्या बाजूस ठेवतो. मोटारीमागे ओढावयाच्या घरालाही हाच नियम लागू पडतो. त्याचा भार मागे गेला, तर ते वेगात असताना डावीउजवीकडे झोके घेऊ लागते आणि उलटण्याचे भय निर्माण होते.

चौथा विचार हादऱ्यांचा. जमिनीवरचे घर स्थिर असते. फिरते घर प्रत्येक खड्ड्यात हादरते. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेले सांधे अशा हादऱ्यांनी सैल होतात. म्हणून हल्लीच्या फिरत्या घरांत स्क्रू व सरस वापरून सांधे पक्के करतात. आपल्या जुन्या लाकडी गाडीच्या चाकाची युक्ती तर फारच सुंदर आहे. चाकाच्या घेराहून किंचित लहान अशी लोखंडी धाव तयार करतात. ती तापवून लाल केली की प्रसरण पावते आणि चाकावर सहज बसते. लगेच तीवर पाणी ओततात. धाव आकुंचन पावते आणि आरे, पाटे व तुंबा यांना एकत्र आवळून धरते. पदार्थविज्ञानाचा हा नियम आपल्या लोहारांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता.

लोखंडाचे काम करणाऱ्या काही जमाती स्वतःच फिरत्या राहिल्या. विळे, कोयते, कुदळी करीत गावोगाव जाणारे घिसाडी महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहेत. राजस्थानातील गाडिया लोहारांनी तर आपली गाडी हेच आपले घर मानले. त्यांची गाडी जाड लाकडाची असून तिच्यावर पितळी नक्षी असते. अवजारे, धान्य व कपडे गाडीत राहतात. मुले गाडीत किंवा गाडीखालच्या सावलीत झोपतात. त्यांची परंपरागत कथा अशी : १५६८ साली चितोडगड अकबराच्या हाती गेला, तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी गड सोडला आणि गड पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत छपराखाली राहणार नाही अशी प्रतिज्ञा केली. स्वतंत्र भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी ६ एप्रिल १९५५ रोजी समारंभपूर्वक त्यांना चितोडगडावर नेले आणि त्यांची ती प्रतिज्ञा पुरी झाली. तथापि स्थिर उपजीविका व जमीन यांवाचून घर होत नाही. त्यामुळे त्यानंतरही त्यांतील अनेक कुटुंबे रस्त्याच्या कडेला आपल्या गाड्यांपाशीच राहत आली.

ज्यांच्यावर अशी कोणतीही गरज नाही, असे लोकही हल्ली चाकांवर घर बांधतात. अमेरिकेत जे शेफर नावाच्या गृहस्थांनी १९९९ साली केवळ ९६ चौरस फुटांचे घर बांधले आणि ते त्यात राहिले. एखाद्या लहानशा खोलीएवढ्या जागेत स्वयंपाक, झोप, लेखनवाचन व स्नान या सर्वांची सोय त्यांनी केली. अशा घरात कोणतीही वस्तू एकाच कामाची नसते. बसावयाच्या बाकाखाली पेटी असते, जेवणाचे टेबल भिंतीला दुमडते, आणि झोपावयाचा माळा छपराखाली असतो. कमी जागा, कमी खर्च आणि कमी सामान, हे त्या लोकांनी स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत होय. मुक्कामाच्या जागी त्यांना बहुधा पाण्याचा नळ, विजेची तार व सांडपाण्याची सोय आयती मिळते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

आता आपल्या मराठवाड्यातील जालना जिल्ह्याकडे वळू. या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठच्या अंबड व घनसावंगी तालुक्यांत, जेथे जायकवाडीच्या कालव्याचे पाणी पोहोचते तेथे, ऊस डुलतो. अंबड तालुक्यात अंकुशनगर येथे साखर कारखानाही आहे. परंतु जिल्ह्याचा बराचसा भाग पावसावरच अवलंबून असतो. खरिपाचे पीक निघाले की कोरडवाहू गावांत हातांना काम उरत नाही. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कोणी जवळच्या कारखान्यावर जातात, तर कोणी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल ऊस तोडून फेडावी लागते. मार्च-एप्रिलपर्यंत हे काम चालते.

निघण्याच्या दिवशी ज्यांची बैलगाडी आहे त्यांच्या दारी गाडी भरण्याचे काम सुरू होते, आणि आपण वर पाहिलेले सारे नियम येथे पुन्हा दिसतात. ज्वारी-बाजरीची पोती तळाशी, आखाच्या वर. त्यांवर पेटी व भांडी. ताडपत्री, दोर व बांबू लांबीच्या दिशेने. सर्वांत वर अंथरुणे आणि त्यांवर लहान मुले. मागे बांधलेली शेळी आणि खुराड्यातील कोंबड्या याही त्या बिऱ्हाडातच येतात. पूर्वी अशा गाड्या मजल दरमजल करीत कारखान्यापर्यंत जात. हल्ली लांबच्या पल्ल्यासाठी बैल, गाडी व माणसे यांना ट्रकमधून नेतात.

मुक्कामावर पोहोचल्यावर मात्र एक अडचण उभी राहते. गाडी हे घर नव्हे, ते कामाचे साधन आहे. रबरी चाकांच्या गाडीत दीड-दोन टन ऊस भरून तो कारखान्यात पोहोचवावयाचा असतो. गाडी रिकामी व्हावी म्हणून घराला जमिनीवर उतरावे लागते. या उतरलेल्या घराला ‘कोपी’ म्हणतात. बांबू रोवून, त्यांची टोके वर एकत्र बांधून सांगाडा करतात. त्यावर चटया, पाचट किंवा ताडपत्री घालून दोराने आवळतात आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर खणतात. आत शिरताना मोठ्या माणसाला वाकावे लागते. विटा नाहीत, खिळे नाहीत, कारागीर नाही. तरी दिवस मावळण्यापूर्वी घर उभे राहते. हंगाम संपला की तेच घर सोडून, गुंडाळून पुन्हा गाडीत भरता येते. सामान थोडे व हात कुशल असले म्हणजे काय साधते, याचा हा उत्तम नमुना होय.

परंतु कौतुक येथेच थांबविले, तर आपण अर्धेच पाहिले असे होईल. ताडपत्रीखाली दुपारी उकाडा होतो आणि पौषात पहाटे गारठा झोंबतो. चुलीचा धूर कोपीत कोंडतो. भोवती वाळलेले पाचट पसरलेले असल्यामुळे ठिणगीचे भय असते. पाणी लांबून आणावे लागते. शौचालय व दिवा यांची उणीव स्त्रियांना सर्वांत अधिक जाणवते. आणि ज्या दिवशी गाडी गाव सोडते, त्या दिवशी तीत एक वस्तू भरता येत नाही. ती म्हणजे शाळा. दिवाळीपर्यंत पहिले सत्र होते. दुसरे सत्र उघडते तेव्हा ही मुले फडावर असतात. आईवडील पहाटेच ऊस तोडावयास जातात, म्हणून दहा-अकरा वर्षांची बहीण धाकट्या भावाला सांभाळीत कोपीपाशी बसते. उन्हाळ्यात ती गावी परतते, तोवर तिच्या वर्गातील मुले बरीच पुढे गेलेली असतात.

अमेरिकेतील लहानशा घराला मुक्कामावर पाण्याचा नळ व वीज मिळते, हे आपण मघाशी पाहिले. तेव्हा फिरते घर हे केवळ चाके व छप्पर एवढ्यानेच पुरे होत नाही. त्याचा निम्मा भाग गाडीत असतो आणि निम्मा भाग मुक्कामाच्या जागी तयार असावा लागतो. गाडीतला भाग ऊसतोड कामगार आपल्या कौशल्याने स्वतःच बांधतात. मुक्कामावरचा भाग समाजाने बांधावयाचा असतो.

त्या दिशेने प्रयत्नही झाले आहेत. काही कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरल्या. आईवडील गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावे, म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आणि स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत प्रवेश देणे बंधनकारक केले. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली; तीत बीड व तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांबरोबर जालना जिल्ह्याचाही समावेश होता. असे असले तरी दिवाळीनंतर गाडीत बसून जाणारी मुले आजही आहेत.

तुमच्यापैकी कोणी पुढे स्थापत्यशास्त्र शिकेल आणि घरांचे नकाशे काढील. कोणी शिक्षक होईल, कोणी ग्रामपंचायतीत बसेल. फिरत्या घराचा विचार करताना तुम्ही त्याचे वजन मोजा, रुंदी मोजा, तोल पाहा. त्यानंतर ते ज्या ठिकाणी थांबणार, तेथे पाणी किती अंतरावर आहे, दिवा आहे की नाही आणि जवळच्या शाळेत त्या मुलांसाठी जागा ठेवली आहे की नाही, हेही मोजा. दिवाळीच्या सुटीनंतर आपल्या वर्गात एखादी जागा रिकामी दिसली, तर तेथे बसणारे मूल कोठे गेले याची चौकशी करणे, हे तर तुम्हांला आजच करता येईल.