पेढी विकण्यापूर्वीचा हिशेब

धान्याच्या व्यापाऱ्याला भाव विचारला, तर तो मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि भाव सांगतो. परंतु त्याच व्यापाऱ्याला "शेठजी, आपली ही चालती पेढी विकावयाची झाल्यास तिचे मोल काय?" असे विचारले, तर तो गोंधळून जातो. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या मालाचे मोल ठरविणाऱ्या माणसाला स्वतःच्या पेढीचे मोल ठाऊक नसते. हा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्राचा माझा व्यासंग नाही. तथापि जो हिशेब मला उशिरा कळला, तो आपल्या बंधूंना वेळेवर कळावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहे.

चालत्या धंद्यात दोन प्रकारची मालमत्ता असते. एक डोळ्यांना दिसणारी : शिल्लक माल, बारदान, काटा, गोदाम आणि वसूल होण्याजोगी उधारी. दुसरी न दिसणारी : गिऱ्हाइकाची सवय, दलालांचा विश्वास, पेढीचे नाव. तिला हिशेबनीस 'ख्याती' म्हणतात. आपल्या बुऱ्हाणपुरी बोलीत आपण 'साख' म्हणतो. पहिलीचे मोल काट्यावर व वहीत सापडते. भांडण होते ते दुसरीच्या मोलावरून.

या दुसऱ्या मालमत्तेचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८८१ च्या जानेवारीत पुण्यास 'केसरी' व 'मराठा' ही दोन पत्रे निघाली. पुढे चालकांत मतभेद झाले. आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले व पुढील वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. अखेर १८९१ साली वाटणी होऊन छापखाना इतर भागीदारांकडे गेला आणि दोन्ही पत्रे, त्यांच्या डोक्यावरील कर्जासह, लोकमान्य टिळकांकडे आली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या वाटणीकडे पाहावे. यंत्रे, खिळे, जे जे हाताला लागते ते एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला केवळ दोन नावे, वर्गणीदारांची यादी व कर्ज. कोणत्याही मुनिमाने ताळेबंद मांडला असता, तर पत्रांचे मोल शून्याच्याही खाली उतरले असते. तरीही टिळकांनी ती घेतली. ते व्यवहाराला अनभिज्ञ होते असेही नाही; लातूरच्या जिनिंगच्या कारखान्यात त्यांची भागीदारी होती. दर आठवड्याला 'केसरी'ची वाट पाहणारा वाचक हीच खरी मत्ता आहे, हे त्यांनी ओळखले होते. 'केसरी' आजही निघतो.

मात्र या उदाहरणातून घाईने चुकीचा धडा घेऊ नये. 'केसरी'चे नाव टिळकांकडे आले तेव्हा लिहिणारी लेखणीही त्यांचीच होती. तेच पत्र दुसऱ्या कोणी घेतले असते आणि टिळक बाजूला झाले असते, तर वाचक त्या नावामागे राहिले असते की टिळकांमागे गेले असते? ख्यातीचे मोल ठरविताना हाच प्रश्न निर्णायक असतो. मालक उठून गेल्यावर जे मागे उरते, तेवढेच विकता येते. मालकाबरोबर जे उठून जाते, ते विकता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात नेपानगर आहे. तेथील वृत्तपत्री कागदाच्या कारखान्याचे उद्घाटन १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. कोरा कागद वजनावर विकला जातो. त्याच्यावर विश्वासाचे नाव छापले की तो वजनावर विकला जात नाही. आणि नावावरचा विश्वास उडाला की तोच कागद पुन्हा रद्दीच्या भावाने वजनावर जातो. पेढीचेही असेच आहे.

आता माझी हकिकत. आमची पेढी आजोबांनी काढलेली. तूर, चणा, गहू, ज्वारी यांचा घाऊक व्यापार. शहापूर, खकनार, नेपानगर व पलीकडे रावेरपर्यंतचे किरकोळ दुकानदार आमचे गिऱ्हाईक. चालती खाती साठ. मुलगा पुण्यास नोकरीत स्थिरावला. "बाबा, मी परत येईन अशी आशा ठेवू नका," असे त्याने एकदा स्पष्ट सांगितले, आणि त्याचे मला दुःख झाले तरी रागावण्याजोगे त्यात काही नव्हते. २०१९ च्या उन्हाळ्यात मी पेढी विकण्याचे ठरविले. घेणारा दुसरा कोणी नसून तीस वर्षे आमच्या गादीवर बसलेले मुनीमजीच होते.

मी मनाशी आकडा योजला. मागील पाच वर्षांचा नफा अनुक्रमे ८, १९, ५, ८ व ८ लाख. बेरीज ४८ लाख. पाच वर्षांची कमाई ती पेढीची किंमत, शिवाय माल व येणे निराळे, असा माझा सरळ हिशेब होता. मुनीमजींनी आकडा ऐकला, नमस्कार केला व "विचार करून सांगतो, शेठजी," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते एक कागद घेऊन आले. तो कागद मी अद्याप जपून ठेवला आहे.

त्यांचा पहिला प्रश्न १९ लाखांच्या वर्षाविषयी होता. ते २०१५–१६ चे वर्ष. त्या साली तूरडाळ अनेक शहरांत किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेली होती आणि आमच्या गोदामात जुन्या भावाची तूर होती. "शेठजी, ती कमाई तुरीची, पेढीची नव्हे. ती मला पुन्हा कशी मिळणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. परंतु मुनीमजी न्यायी होते. नोटबंदीमुळे पडलेले ५ लाखांचे वर्षही त्यांनी त्याच न्यायाने बाजूला काढले. उरलेल्या तीन वर्षांची सरासरी ८ लाख आली.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. या ८ लाखांत माझी स्वतःची मजुरी किती? सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत मी बसत होतो. माझ्या जागी पगारी माणूस ठेवला असता तर महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार द्यावे लागले असते. दुकान घरचे, म्हणून भाडे वहीत कधी पडलेच नव्हते. ते महिना १० हजार धरता १ लाख २० हजार. पेढीत गुंतलेले भांडवल २५ लाख. तेच सुरक्षित ठिकाणी ८ टक्क्यांनी ठेवले असते तर २ लाख व्याज घरबसल्या आले असते. तिन्ही मिळून ५ लाख ६० हजार. ८ लाखांतून ते वजा जाता उरले २ लाख ४० हजार. हे उरलेले धन म्हणजे पेढीच्या साखेची खरी वार्षिक कमाई. अशा अधिक नफ्याची दोन ते तीन वर्षांची रक्कम ख्यातीपोटी देण्याचा प्रघात आहे. अडीच वर्षे धरून मुनीमजींनी आकडा लिहिला : ६ लाख.

कोठे ४८ आणि कोठे ६! त्या रात्री मला झोप आली नाही. तीन पिढ्यांच्या नावाचे मोल एवढेच का? परंतु पहाटे विचार केला, की चाळीस वर्षे जे मी नफा समजत होतो, त्यातील मोठा भाग माझीच मजुरी, माझेच भाडे व माझेच व्याज होते. ते मी घेऊन चुकलो होतो. एकदा घेतलेले पुन्हा विकता येत नाही.

यानंतर उधारीची पाळी आली. वहीत येणे १४ लाख होते. सहा महिन्यांच्या आतील येणे पूर्ण धरावे, वर्षावरील येणे कमी करून धरावे आणि तीन वर्षांवरील येण्याला सामान्यतः मुदतीच्या कायद्याची बाधा येते, म्हणून ते सोडून द्यावे, असे ठरले. मी यादी केली. त्या यादीत माझ्या एका जिवलगाचे ९० हजारांचे पाच वर्षांपूर्वीचे खाते मी चालू खात्यांत लिहून टाकले. येथे मला लपवावयाचे नाही : ते मी चुकून लिहिले नव्हते. मुनीमजींनी यादी वाचली, त्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीक टिंब दिले आणि यादी माझ्यापुढे सरकविली. तोंडाने एक अक्षर बोलले नाहीत. खतावणी तीस वर्षे त्यांनीच लिहिली होती, हे मी त्या क्षणी विसरलो होतो. मी ते नाव खोडले. किंमत ठरविताना विकणाऱ्याच्या सचोटीचीही परीक्षा होते, ती अशी.

शेवटचा मुद्दा गिऱ्हाइकांचा. साठ खाती माझ्या तोंडाकडे पाहून येत होती की पेढीच्या नावाकडे, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. तेव्हा असा तोडगा काढला, की ३ लाख दिवाळीच्या वहीपूजनास द्यावे आणि उरलेले ३ लाख वर्षानंतर. साठांपैकी पन्नास खाती टिकली तर पूर्ण, कमी टिकली तर त्या प्रमाणात. मी सहा महिने रोज दुपारी गादीवर बसावे व प्रत्येक गिऱ्हाइकाची गाठ घालून द्यावी, असेही ठरले. दुकान भाड्याने दिले, नाव मात्र विकले.

नाव विकणे म्हणजे काय, हे बंधूंनी नीट समजून घ्यावे. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे ख्याती ही भागीदारी पेढीची मालमत्ता आहे. भागीदारी मोडल्यावर ती स्वतंत्रपणे किंवा इतर मालमत्तेसह विकता येते. विकल्यावर जुन्या भागीदाराला, निराळा करार नसल्यास, तसाच धंदा काढता येतो. परंतु जुने नाव वापरता येत नाही व जुन्या गिऱ्हाइकांना आपल्याकडे वळविता येत नाही. त्याचप्रमाणे १८७२ च्या करार कायद्यानुसार ख्याती विकणाऱ्याने ठराविक क्षेत्रात तसा धंदा न करण्याची वाजवी अट मान्य केली, तर ती बंधनकारक होते. मी एकटा मालक असल्याने आमच्या कागदात ही अट स्पष्ट लिहिली : पाच वर्षे बुऱ्हाणपुरात धान्याचा घाऊक व्यापार करणार नाही. असे कागद वकील व कर सल्लागार यांना दाखविल्यावाचून सही करू नये, कारण ख्यातीच्या रकमेवर करही लागू होतो.

पुढे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. धान्य आवश्यक वस्तू असल्यामुळे पेढी चालू राहिली. मुनीमजींनी गावोगावच्या दुकानदारांना माल पोहोचविला, काहींना उधारीवरही. दिवाळीस आम्ही दोघे वही घेऊन बसलो. साठांपैकी चौपन्न खाती टिकली होती. मुनीमजींनी ३ लाख पूर्ण दिले. त्यातील किती खाती माझ्या आजोबांच्या नावाने टिकली आणि किती त्यांच्या त्या वर्षीच्या कष्टाने, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांनीही काढले नाही.

माझी विनंती एवढीच आहे. ज्यांना पेढी विकावयाची नाही त्यांनीही दर पाच वर्षांनी हा हिशेब मांडावा. भावाभावांची वाटणी, निवर्तलेल्या भागीदाराच्या कुटुंबाचा हिस्सा, नव्या भागीदाराचा प्रवेश, या सर्व प्रसंगी हाच हिशेब लागतो. आणि त्या वेळी, मने दुखावलेली असताना, तो शांतपणे होत नाही. आपली मजुरी, भाडे व व्याज वजा करून पाहावे. काही उरले, तर ती पेढीची साख आहे, तिला जपावे. काहीच उरले नाही, तर आपण मालक नसून आपल्याच गादीवरचे नोकर आहोत, हेही वेळेवर कळलेले बरे.

आमच्या जुन्या गादीसमोरून मी आजही जातो. पाटीवर आजोबांचे नाव आहे. आत मुनीमजींचा मुलगा बसतो. तो उठून "या, शेठजी," म्हणतो. मी पाच मिनिटे बसतो, तुरीचा भाव विचारतो आणि घरी येतो.