औषधांच्या खिडकीमागे

सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून आणि डॉक्टरांची तपासणी आटोपून रुग्ण अखेरीस ज्या खिडकीशी येऊन उभा राहतो, तिच्यामागील इसमाचे काम मांडणीवरची पाकिटे उतरवून देण्यापुरतेच असते, असा एक सार्वत्रिक समज आहे. आणि तो त्या पेशाला मुळीच न्याय देणारा नाही.

पूर्वीचा कंपाउंडर खलात चूर्णे घोटी, पुड्या बांधी, मिश्रणाच्या बाटलीवर मात्रांच्या खुणा दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी डकवी, आणि ही सारी विद्या बहुधा डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करूनच संपादन करी. पुढे १९३०-३१ च्या चोप्रा समितीने औषधांच्या दर्जाबरोबरच या पेशाच्या नियमनाचीही निकड सरकारपुढे मांडली. १९४० साली औषधांचा आणि १९४८ साली फार्मसीचा कायदा झाला, आणि हाताच्या सवयीला सनदेची जोड अपरिहार्य ठरली. आज बारावीस पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांसह जीवशास्त्र किंवा गणित घेतलेला विद्यार्थी दोन वर्षांची पदविका, म्हणजेच डी. फार्म., पुरी करतो, ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतो, आणि राज्य फार्मसी कौन्सिलच्या दप्तरी नाव दाखल झाल्यावरच नोंदणीकृत औषधनिर्माता म्हणून चिठ्ठीबरहुकूम औषध देण्यास पात्र होतो.

गोळ्या कारखान्यातून तयार येऊ लागल्यापासून खलबत्ता मागे पडला, तरी जोखीम मात्र कमी झाली नाही. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावे लागते, आणि ते एकदा गोठले की निरुपयोगी होते. ज्याची मुदत आधी संपणार ते औषध आधी द्यावयाचे असते. शेड्यूल एच-१ मधील औषध दिल्यास डॉक्टर, रुग्ण, औषध व त्याचे परिमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जतन करावी लागते. परंतु या पेशाची खरी कसोटी चिठ्ठी वाचतानाच लागते. सारख्या उच्चारांची नावे, एकाच औषधाच्या निरनिराळ्या शक्ती, घाईत राहून गेलेले एखादे दशांशचिन्ह, यांतले काहीही जिवावर बेतू शकते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. तेच कोणी रोज घेऊ लागला तर प्रसंगी प्राणास मुकतो. अशा वेळी पाकिटावर वार लिहून देणे, रुग्णाकडून तो पुन्हा वदवून घेणे आणि शंका आल्यास डॉक्टरांकडे विचारणा होईपर्यंत औषध रोखून धरणे, हीच त्याची खरी कामगिरी होय.

दिलेल्या औषधाची नोंद दप्तरात होते, टळलेल्या अपघाताची कोठेच होत नाही. यास्तव या खिडकीवर किती माणसे नेमावीत याचा हिशेब करताना, दर तासाला किती चिठ्ठ्या निकालात निघाल्या याबरोबरच प्रत्येक रुग्णाला समजावून सांगण्यास किती वेळ हवा, हेही प्रशासनाने जमेस धरणे अगत्याचे आहे.