भाषा इंग्रजी, गोष्ट आपल्या गावांची : 'भीमायन' कसं वाचायचं?

ग्राफिक नॉव्हेल म्हटलं की 'मुलांचं कॉमिक' असा शिक्का बसतो. छोट्या प्रकाशकांची ही पुस्तकं जवळच्या दुकानात सहसा मिळत नाहीत, मिळाली तरी बालविभागात. वाचकांनी एकमेकांना सांगितलं, तरच ती पुढे पोचतात. पण सांगायचं काय? 'भीमायन'चं उदाहरण घेऊ.

'नवायन' प्रकाशनानं ते २०११ मध्ये काढलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. मूळ पुस्तक इंग्रजी; पण त्यातले बाबासाहेबांचे अनुभव आपल्याच मुलखातले. १९०१ मध्ये सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघालेली, पाण्यासाठी तळमळणारी मुलं. १९१७ मध्ये परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेले, तरी पारशी धर्मशाळेतून हाकलले गेलेले आणि कामाठी बागेत बसून राहिलेले बाबासाहेब. १९३४ मध्ये दौलताबादला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, हौदाच्या पाण्यावरून झालेला अपमान.

हे प्रसंग अनेकांना ठाऊक आहेत. म्हणून परीक्षणात नुसती कथा सांगून भागत नाही. चित्रांनी काय केलं, ते सांगावं लागतं.

आधी पानाची मांडणी बघा. नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकटी इथे नाहीत. माणसांना खोक्यात कोंबायला व्याम दांपत्यानं नकार दिला. त्याऐवजी गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्ना नक्षीच्या वळणदार पट्ट्या पान विभागतात. माणसाला त्याच्या जागेत डांबणाऱ्या व्यवस्थेची ही गोष्ट. ती मोकळ्या पानावर सांगणं, हेच एक उत्तर आहे.

मग संवादाचे फुगे बघा. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं, विषारी बोलण्याला विंचवाची नांगी असते, आणि मनातल्या विचाराला डोळा. शब्द वाचण्याआधीच कोण डंख मारतंय ते कळतं. चित्र झाकून मजकूर वाचला तर काही हरवतं का, हा प्रश्न प्रत्येक ग्राफिक नॉव्हेलला विचारा. इथे बरंच हरवतं.

उणं दिसलं तर तेही सांगा. या पुस्तकात बसस्टॉपवर आजच्या दोन माणसांचं आरक्षणावर बोलणं चालतं आणि त्यातून जुने प्रसंग उलगडतात. कल्पना चांगली आहे, पण काही ठिकाणी ते बोलणं धड्यासारखं वाटतं. कौतुकासोबत हेही लिहिलं की वाचणारा आपल्यावर विश्वास ठेवतो.

पुढे काय वाचाल? नर्मदा खोऱ्यातल्या धरणाच्या संघर्षावरचं ओरिजित सेन यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' (१९९४), किंवा जोतिबांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेलं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' (२०११). दुकानात नसेल तर प्रकाशकाकडून थेट मागवा, नाहीतर गावच्या वाचनालयाला लेखी मागणी द्या.

आणि वाचून झाल्यावर पाच ओळी मराठीत लिहा : चित्रं कुणाची, कुठल्या पानावर थांबलात, काय खटकलं. शेजारच्या राज्यातला एखादा मराठी वाचक तेवढ्यावरून पुस्तक शोधायला लागेल.