सायलेन्सरवरचा डबा

पावसाळ्यात खेडेगावात गेलात तर अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे जरा नीट पाहा. त्याची धुराची नळी, म्हणजे सायलेन्सर, सरळ आभाळाकडे तोंड करून उभा असतो. त्यावर बऱ्याचदा एखादा रिकामा डबा उपडा घातलेला दिसतो. रंग उडालेला, पोचे आलेला. कुणाला वाटेल, गंमत म्हणून ठेवलाय. त्या डब्याची खरी किंमत मला सातवीच्या सुट्टीत कळली. त्याचीच ही गोष्ट.

१९९४ सालचा मे महिना होता. आमच्या मामाचं गाव निफाड तालुक्यात. गोठ्याशेजारी चिंचेखाली आजोबांचा जुना ट्रॅक्टर उभा असायचा. इंटरनॅशनल बी-२७५, चार सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा. हे मॉडेल मूळचं इंग्लंडमधलं. १९६०च्या दशकात महिंद्रा कंपनीनं ते आपल्याकडे बनवायला घेतलं. गावात पहिला ट्रॅक्टर आला तो आजोबांचाच. मामानं नवा ट्रॅक्टर घेतल्यापासून चार पावसाळे हा जागचा हलला नव्हता.

मी पोचले त्याच संध्याकाळी मामा म्हणाला, "भंगारवाल्याशी बोलणं झालंय. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतोय. इंजिन पार जाम झालंय, ठेवून काय करायचं?"

आजोबा काही बोलले नाहीत. पानातली भाकरी तशीच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते शेजारच्या गावातून एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आले.

जाम झालं म्हणजे काय झालं?

इंजिनात लोखंडी नळकांडं असतं, त्याला लायनर म्हणतात. त्यात पिस्टन वरखाली होतो. पिस्टन आणि लायनर यांच्यात फट किती? साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढी! ही बारीक फट बंद करायला पिस्टनच्या भोवती लोखंडी रिंगा असतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो, की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. म्हणून तर रिंगा लायनरला चिकटून बसाव्या लागतात.

आता लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की काय होतं, ते तुम्ही शाळेत शिकलाच आहात. गंज! आणि गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. केसाएवढ्या फटीत तो फुगला, की रिंगा आणि लायनर एकमेकांना घट्ट धरून बसतात. चालत्या इंजिनातलं ऑइल किंवा पाणी संपलं तरी ते तापून जाम होतं. पण आजोबांचा ट्रॅक्टर चालता चालता नाही, उभ्या उभ्या जाम झाला होता.

मिस्त्रींनी आधी गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं. मग मामाला विचारलं, "ओढून पाहिला होतास का रे?"

"पाहिला ना! गिअरमध्ये टाकला आणि नव्या ट्रॅक्टरनं ओढला. मागची चाकं फिरेचनात, नुसती घासत आली."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "नशीब तुझं! कनेक्टिंग रॉड वाकला असता नाहीतर गिअरचे दात गेले असते. जाम इंजिनाला जोर दाखवायचा नसतो. मला आठ दिवस दे."

"रविवारी टेम्पो येतोय, मिस्त्री."

"मग सहा दिवस दे."

तेल आणि धीर

मिस्त्रींनी चारही नोझल काढली. नोझल म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी पिचकारी. त्या भोकांतून त्यांनी तार घालून पाहिली. तीन सिलिंडरमधून तार कोरडी आली. तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरमधून मात्र चहासारखं तांबडं पाणी लागून आलं.

"हा बघा चोर!" मिस्त्री म्हणाले. "इंजिन बंद होतं तेव्हा चारातल्या एखाद्या सिलिंडरची धूर जायची झडप उघडी राहतेच. वरून सायलेन्सरमधून पाऊस शिरला, की थेट त्याच्यात! ह्याच्यावर डबा नव्हता का?"

मामा म्हणाला, "होता की. गेला असेल वाऱ्यानं उडून."

माझ्या पोटात एकदम गोळा आला. तिसरीत असताना ओढ्यातले बेडकाचे पिल्लू धरायला मीच तो डबा काढून नेला होता. आणि तो ओढ्यातच राहिला होता. मी खाली मान घातली.

पाणी शोषून काढल्यावर मिस्त्रींनी चारही भोकांतून डिझेल आणि पातळ ऑइल निम्मं निम्मं मिसळून ओतलं. एवढंच! मला वाटलं, आता घण घालतील. पण ते हात पुसून चहा प्यायला बसले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता तेलाला काम करू द्यायचं."

समईची वात खालचं तेल वर कशी ओढते? बारीक फटीत द्रव आपोआप शिरतो. त्याला केशाकर्षण म्हणतात. इथंही तसंच. फट जितकी बारीक, तितकं तेल आत ओढलं जातं. पण त्याला वेळ लागतो. घाई केली तर रिंगा तुटतात आणि लायनरवर ओरखडे पडतात.

खडूची रेघ

मिस्त्रींनी सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, काढून ठेवला. तिथल्या भोकातून फ्लायव्हीलचे दात दिसत होते. त्या दातांत लोखंडी टॉमी अडकवून ते आधी एका बाजूला रेटत, मग दुसऱ्या बाजूला. अगदी हलकेच. समोरच्या पुलीवर आणि तिच्याशेजारी इंजिनावर त्यांनी खडूची एक सरळ रेघ मारली. "पोरांनो, रेघ तुटली की मला सांगा."

मी आणि माझा मामेभाऊ पाळी लावून बसलो. सोमवार गेला, मंगळवार गेला. रेघ जशीच्या तशी. रोज थोडं तेल मुरायचं, रोज मिस्त्री थोडं ओतायचे, सकाळ-संध्याकाळ टॉमी लावायचे. बुधवारी मामा म्हणाला, "चांगला मोठा पाइप लावू आणि चौघं लटकू."

"लटकाल आणि दात तोडाल," मिस्त्री म्हणाले. "पहारीनं दगड उचलतो तसा ह्याचा जोर दसपट होतो. म्हणून तर हात हलका पाहिजे."

त्यांनी एक गोष्ट छान समजावून सांगितली. सायकलचं पेडल अगदी वर असताना त्यावर उभं राहिलं, तर सायकल हलत नाही. पेडल मधोमध असलं की लगेच हलते. पिस्टनचंही तसंच. वरच्या किंवा खालच्या टोकाला असलेला पिस्टन नुसता वरून ठोकून क्रँक फिरत नाही. म्हणून पिस्टनवर हातोडा चालवण्याआधी तो कुठं आहे ते पाहावं, आणि ठोकलाच तर मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवूनच.

शुक्रवारी संध्याकाळी मामेभाऊ ओरडला, "तुटली! रेघ तुटली!"

पुलीवरची रेघ नखाएवढी सरकली होती. आम्ही नाचायला लागलो. मिस्त्रींनी मात्र टॉमी उलट्या बाजूला रेटली. नखभर पुढं, नखभर मागं. पुन्हा तेल. अंधार पडेपर्यंत रेघ वीतभर सरकली आणि शनिवारी सकाळी इंजिनानं पूर्ण गिरकी घेतली.

सुरू करायची घाई नको

तरीही ट्रॅक्टर लगेच सुरू केला नाही. झडपा वरखाली होतात का, ते आधी पाहिलं. नोझलची भोकं उघडीच ठेवून सेल्फ मारला. फुर्र करून काळं तेल उडालं. मिस्त्रींनी आम्हाला आधीच लांब उभं केलं होतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. ते आत राहिलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. मग चेंबरचा नट काढला. आधी पाणी आलं, मग घाण झालेलं ऑइल. नवं ऑइल भरलं, फिल्टर बदलले, टाकीतलं जुनं डिझेल काढलं, डिझेलच्या नळ्यांतली एअर काढली.

दुपारी चार वाजता आजोबा सीटवर बसले. सेल्फ कुंथला. एक खोकला, दोन खोकले, पांढऱ्या धुराचा ढग, आणि मग... टक् टक् टक् टक्! गोठ्यातल्या म्हशी दाव्याला हिसके देऊ लागल्या. आजोबांनी डोळे पुसले. म्हणाले, धूर गेला. पण धूर तर त्यांच्या उलट बाजूला चालला होता.

रात्री मी त्यांच्या खाटेजवळ गेले आणि डब्याचं खरं खरं सांगून टाकलं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डबा तू काढलास, हे खरं. पण चार पावसाळे मी तरी कुठं वर पाहिलं? चूक दोघांची."

रविवारी टेम्पो आला आणि रिकामा परत गेला. आणि मी आजीकडून तेलाचा रिकामा डबा मागून घेतला, स्टुलावर चढले आणि सायलेन्सरवर उपडा घातला. या वेळी तारेनं बांधून.

करून पाहा

तीन सारखे लोखंडी खिळे घ्या. पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ करा. एक खिळा कोरड्या कापसावर ठेवा, दुसरा ओल्या कापसावर, आणि तिसरा गोडेतेल चोपडून ओल्या कापसावर. कापूस वाळू देऊ नका. रोज पाहा आणि वहीत लिहून ठेवा. गंज कोणत्या खिळ्यावर आधी दिसतो? तेलाचा खिळा किती दिवस तग धरतो?

आणि हो, इंजिनाजवळ जायचं ते मोठ्या माणसांबरोबरच. खडूची रेघ बघत बसायला मात्र हरकत नाही!