'मणक्यात गॅप' आणि मनातली धास्ती

आजकाल बहुतेक घरांत कपाटावर एक मोठी पिशवी असते, एमआरआयच्या काळ्या फिल्मांची. विचारपूस करायला नातेवाईक आले की ती खाली निघते. फिल्म कोणालाच कळत नाही, पण सोबतच्या कागदावरचे शब्द घरात सर्वांना पाठ झालेले असतात: डिस्क बल्ज, डीजनरेशन. बोलीभाषेत त्याचे 'मणक्यात गॅप आला' असे होते. मग अम्मी वाकून झाडू मारणे सोडतात, अब्बा नातवाला उचलून घेत नाहीत, सजदा सोडून खुर्चीवर नमाज पढू लागतात. ज्याला खरोखर त्रास आहे त्याला सवलत आहेच. आम्ही बोलतो आहोत ते केवळ कागदाच्या भीतीने वाकणे सोडलेल्यांविषयी.

कंबर दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय काढला तर काय दिसेल? अमेरिकेत अशा 98 जणांची तपासणी झाली व तिचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक, म्हणजे 52 टक्के लोकांत किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. 2015 साली अशा 33 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातही दुखणे नसलेलेच लोक होते, एकूण 3,110. चकतीची झीज विशीतल्या 37 टक्के लोकांत दिसली, पन्नाशीत 80 टक्के आणि ऐंशीच्या वयात 96 टक्के. केस पिकले म्हणून कोणी फिल्म काढून घरात रडारड करत नाही. मणक्याच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

आणि ही धास्ती नुसती मनात राहत नाही. कोईमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग करून पाहिला. तो 2021 साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीच्या 44 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रिपोर्टमधला प्रत्येक बिघाड समजावून सांगितला. दुसऱ्याला, हे वयोमानाचे बदल आहेत, घाबरण्यासारखे काही नाही, असा दिलासा दिला. सहा आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या गटाचे दुखणे कमी उतरले होते, हालचालही कमी सुधारली होती आणि आपला मणका खराब झाला ही समजूत पक्की झाली होती. याच संशोधनात आणखी एक गोष्ट निघाली, जी आम्हाला जास्त बोलकी वाटते: रिपोर्ट साध्या भाषेत लिहिला तर डॉक्टरांनाही आजार कमी गंभीर वाटला आणि ऑपरेशनकडे त्यांचा कल कमी झाला.

भीतीने माणूस हालचाल टाळतो, न वापरल्याने पाठीचे स्नायू कमजोर होतात, मग थोडे काम केले तरी दुखते आणि 'बघा, गॅप वाढला' असे म्हणायला कारण मिळते.

मग रिपोर्टवरच दिलाशाची ओळ छापली तर? अमेरिकेत तेही करून पाहिले. जवळजवळ अडीच लाख रुग्णांच्या रिपोर्टांत, दुखणे नसलेल्यांतही असे बदल दिसतात, ही माहिती घालण्याचा प्रयोग झाला. 2020 साली निष्कर्ष आले: तपासण्या आणि उपचार एकंदरीत कमी झाले नाहीत, अफूजन्य वेदनाशामके तेवढी किंचित कमी दिली गेली. छापील ओळीने भागत नाही. समोर बसून कोणीतरी सांगावे लागते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे: माझ्या वयाच्या, दुखत नसलेल्या माणसात हे दिसते का? माझे दुखणे याचमुळे आहे का? मी काय काय करू शकतो? काय करू नये, एवढेच विचारून उठू नये.

मात्र लघवी अडकणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांमधली जागा बधिर होणे, पायातील ताकद कमी होत जाणे, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, ताप, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी एमआरआय टाळणे धोक्याचे आहे.