द्विध्रुवीय मनोविकार : निदानातील दक्षता

निद्रानाश व निरुत्साह यांची तक्रार घेऊन आलेला रुग्ण पूर्वीच्या अतिउत्साहाविषयी सहसा बोलत नाही. तो काळ त्याला विकार वाटतच नाही. परिणामी केवळ 'विषाद' असे निदान होऊन मूळ व्याधी झाकलेला राहतो.

या विकाराचे निश्चित निदान करणारी रक्तचाचणी नाही. निदान इतिवृत्तावर होते. डीएसएम-५ (२०१३) नुसार उन्मादावस्था किमान ७ दिवस टिकावी. रुग्णालयात दाखल करावे लागल्यास ही अट नाही. सौम्य उन्मादास सलग ४ दिवस, तर विषादावस्थेस २ आठवडे आवश्यक. उन्मादाचा एकच आवेग पहिल्या प्रकाराच्या निदानास पुरेसा असतो. सौम्य उन्माद व तीव्र विषाद मिळून दुसरा प्रकार होतो. थायरॉईडविकार, स्टेरॉईड व व्यसन यांचा व्यवच्छेद करावा.

चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार यांचा विभ्रम सांगितला आहे. ही संज्ञा व्यापक असल्याने ती या एका विकाराशी समान मानू नये. तथापि शील-चेष्टांतील बदल आप्तांना विचारण्याची दृष्टी तीतून मिळते. अल्प निद्रेनंतरही थकवा नव्हता काय, अखंड बडबड वा अवाजवी खर्च झाला काय, हे अवश्य विचारावे.

लिथियम घेणाऱ्या रुग्णास वमन-विरेचन देणे धोक्याचे आहे. जलक्षयाने रक्तातील लिथियम विषारी पातळी गाठू शकते. आत्मघाताचे विचारही स्पष्ट विचारावेत व संशय येताच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. वेळीच पाठवणे हेही चिकित्सेचेच अंग होय.