लखनौच्या अलीगंजपासून मूळ गावापर्यंत : मराठी घराण्यांचा वंशशोध कसा होतो?

लखनौमध्ये गोमती नदीच्या उत्तरेला असलेला अलीगंज हा भाग जुन्या हनुमान मंदिरासाठी आणि ज्येष्ठ महिन्यातील 'बडा मंगल' उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. केंद्र सरकारची अनेक कार्यालयेही येथे आहेत. नोकरीच्या निमित्ताने किंवा त्याच्या कितीतरी आधी उत्तरेत आलेल्या मराठी कुटुंबाला अशा ठिकाणी कधी ना कधी एक प्रश्न पडतो : आपण मूळचे कुठले?

घरात मराठी बोलली जाते, गौरी-गणपती बसतात, लग्नात मंगलाष्टके होतात. परंतु मूळ गावाचे नाव सांगू शकेल अशी व्यक्ती घरात बहुधा एखादीच उरलेली असते. तिच्यानंतर हा धागा जोडणे अवघड होते, कारण वंशशोधाची जवळजवळ सर्व जुनी दप्तरे गावाच्या नावाने लावलेली असतात. गाव ठाऊक नसेल तर दप्तर असूनही त्याचा उपयोग होत नाही.

उत्तरेत मराठी माणसे कशी आली?

अठराव्या शतकात बुंदेलखंडात मराठ्यांचा अंमल सुरू झाला. छत्रसालाने आपल्या राज्याचा मोठा वाटा पहिल्या बाजीरावाला दिला आणि त्यानंतर सागर, जालौन, झाशी या भागांत कारकून, शिलेदार, पुरोहित आणि सावकार यांची घरे वसली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला ८ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन देऊन कानपूरजवळील ब्रह्मावर्त अर्थात बिठूर येथे ठेवण्यात आले. त्याच्याबरोबर मोठा आश्रित परिवार तेथे गेला. काशीमध्ये तर मराठी विद्वानांची घराणी त्याही आधीपासून होती. सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ लिहिणारे नारायणभट्ट हे मूळ पैठणच्या घराण्यातील होते.

विसाव्या शतकात कारणे बदलली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याची धुरा दीर्घकाळ सांभाळली. संगीत, रेल्वे, बँका, संशोधन संस्था आणि केंद्रीय नोकऱ्या यांमुळे मराठी कुटुंबे येथे येत राहिली. त्यामुळे आज लखनौत राहणाऱ्या दोन शेजारी मराठी कुटुंबांपैकी एकाचा उत्तरेशी संबंध आठ पिढ्यांचा, तर दुसऱ्याचा एकाच पिढीचा असू शकतो. दोघांच्या शोधाची वाट अर्थातच वेगळी असते.

सुरुवात घरातूनच

कोणत्याही कार्यालयात जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावयाच्या गोष्टी ठरलेल्या आहेत : मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कुळाचार, देवक, आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांचे नाव. आजोबांपेक्षा आजी, आत्या आणि काकू यांच्याकडे ही माहिती अनेकदा अधिक असते, कारण कुळाचार त्यांनी प्रत्यक्ष केलेले असतात. नवरात्रात कोणत्या देवीचा घट बसतो, लग्नानंतर गोंधळ घातला जातो की बोडण भरले जाते, देव्हाऱ्यात कोणाचे टाक आहेत, यावरून शोधाचा प्रदेश पुष्कळ आखूड होतो. गुहागरचा व्याडेश्वर आणि अंबेजोगाईची योगेश्वरी ही जोडी कोकणस्थ घराण्यांत आढळते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका किंवा जेजुरीचा खंडोबा यांचे भक्त मात्र अनेक जातींत आणि प्रदेशांत पसरलेले असल्यामुळे तेवढ्यावरून गाव ठरत नाही.

आडनावावर पूर्ण विसंबणे धोक्याचे ठरते. उत्तरेत गेलेल्या घराण्यांची आडनावे हुद्द्यावरून, पदवीवरून किंवा ठिकाणावरून बदललेली आहेत. गोविंद बल्लाळ खेर हे इतिहासात गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखले जातात. पेशव्यांचे मूळ आडनाव भट आणि मूळ गाव श्रीवर्धन. झाशीच्या नेवाळकर घराण्यातील दत्तक पुत्र दामोदरराव पुढे इंदूरला राहिले आणि त्यांच्या वंशजांनी 'झाँसीवाले' हे आडनाव लावले. केवळ आजचे आडनाव घेऊन शोध करणाऱ्याला हे दुवे सापडले नसते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या

लखनौच्या रहिवाशांना सर्वांत जवळची नोंद प्रयागराज आणि वाराणसी येथे मिळू शकते. प्रयाग तेथून सुमारे २०० किलोमीटरवर, तर वाराणसी सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. काशी, प्रयाग आणि गया या त्रिस्थळी यात्रेला गेलेला यजमान उपाध्यायांच्या वहीत आपले नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे आणि गाव लिहून सही करीत असे. पुढच्या पिढीतील माणूस आला की त्याच नोंदीखाली नवी भर पडे. प्रयागचे पंडे आपापल्या विशिष्ट चिन्हाच्या झेंड्यावरून ओळखले जातात, आणि कोणत्या प्रदेशाचे यजमान कोणत्या घराकडे हे त्यांच्यात वाटून घेतलेले असते.

महाराष्ट्रात नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या नामावळी याच कारणासाठी प्रसिद्ध आहेत. जात, गाव आणि आडनाव या क्रमाने त्या लावलेल्या असतात. अमेरिकेतील यूटा राज्यातील वंशशास्त्रीय संस्थेने १९७० च्या दशकापासून हरिद्वार आणि इतर काही क्षेत्रांतील वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. तथापि बहुतेक वह्या आजही उपाध्यायांच्या घरीच आहेत. त्यांचा वारसा खाजगी असल्याने त्या पाहताना परवानगी आणि योग्य दक्षिणा देणे हा शिष्टाचार समजला जातो.

ही परंपरा एकाच वर्गापुरती मर्यादित नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात हेळवी समाजातील लोक शेतकरी घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्पिढ्या सांभाळत आले आहेत. सुगीनंतर गावोगाव फिरून ते नवी नावे लिहून घेत आणि जुनी वाचून दाखवीत. इतरत्र भाटांच्या वह्यांनी हेच काम केले आहे.

कुलवृत्तांत, दप्तरखाने आणि मोडी

विसाव्या शतकात महाराष्ट्रात कुलवृत्तांत छापण्याची चळवळच उभी राहिली. एका आडनावाच्या लोकांनी मंडळ स्थापावे, पत्रे पाठवून माहिती मागवावी, घराण्याच्या शाखा लावाव्यात आणि ग्रंथ प्रसिद्ध करावा, अशी ही पद्धत. अनेक कुलवृत्तांतांत ग्वाल्हेर, झाशी, सागर, काशी येथे गेलेल्या शाखांचा उल्लेख असतो. मात्र पुष्कळदा त्या शाखेपुढे 'पुढील माहिती मिळत नाही' एवढेच लिहिलेले आढळते. लखनौच्या कुटुंबाकडील चार नावे ही रिकामी जागा भरू शकतात.

त्यापलीकडे जायचे असल्यास पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराकडे वळावे लागते. १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले होते. त्यामुळे त्या काळातील अनेक वंशावळी या दप्तरात आल्या. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा कागदसंग्रह आहे. गावपातळीवर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, शाळेची रजिस्टरे, सातबारा आणि फेरफार उपयोगी पडतात. जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ चा आहे. त्यापूर्वीच्या काळासाठी एकाच प्रकारच्या नोंदीवर अवलंबून राहता येत नाही.

यातील बहुतेक जुने कागद मोडी लिपीत आहेत. उत्तरेतील घरांमध्ये तर देवनागरी मराठी वाचणारेही कमी होत चालले आहेत. त्यामुळे जुनी पत्रे निरुपयोगी समजून टाकून दिली जाण्याचा धोका मोठा आहे. वाचता येत नसले तरी कागद जपावा आणि त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, हा पहिला नियम होय.

इटली आणि गोवा : जेथे वंशावळ पासपोर्ट ठरते

परदेशात स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांच्या शोधातही पहिला प्रश्न गावाचाच असतो. तेथे १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने चर्चना बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्यास सांगितले. एकीकरणानंतर १८६६ पासून नागरी नोंदणी सुरू झाली आणि ती नगरपालिकानिहाय ठेवली गेली. पूर्वजाच्या आधारे नागरिकत्व मागण्याची मुभा असल्याने लाखो लोक या नोंदी शोधत राहिले. २०२५ मध्ये इटलीने कायदा बदलून हा हक्क प्रामुख्याने आई-वडील आणि आजी-आजोबा या पिढ्यांपर्यंत मर्यादित केला.

गोव्यात असाच अनुभव पोर्तुगीज नोंदींबाबत येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेले नागरिक आणि त्यांचे वंशज पोर्तुगीज राष्ट्रीयत्वासाठी जुने जन्मदाखले शोधतात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची मागणी एकाएकी वाढली. नोंदीतील एका शब्दावर एखाद्याचे प्रमाणपत्र अवलंबून असते, हे त्या वेळी सर्वांच्या लक्षात आले.

चूक कोठे होते?

मराठी घराण्यांत आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे 'रामचंद्र विष्णु' आणि 'विष्णु रामचंद्र' ही जोडी शंभर वर्षांत दोन-तीनदा येते आणि दोन पिढ्या एक समजल्या जातात. यावर एक साधी कसोटी आहे. एक पिढी सरासरी २५ ते ३० वर्षांची धरली, तर १८१८ पासून आजवर सात किंवा आठ पिढ्या होतात. कागदावर चारच असतील तर मधली नावे गळाली आहेत असे समजावे.

दत्तक हे दुसरे कारण. नानासाहेब पेशवे हे दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र होते. झाशीच्या दत्तकाला इंग्रजांनी मान्यता नाकारली आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. दत्तकाने घर आणि कधी गोत्रही बदलते. म्हणून जन्मदाते आणि दत्तक घेणारे अशी दोन्ही नावे नोंदवणे आवश्यक आहे.

सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या बाबतीत आहे. काशीत जन्मलेली तांब्यांची मणिकर्णिका नेवाळकरांच्या घरी लक्ष्मीबाई झाली. राणी असल्याने तिची दोन्ही नावे टिकली. सामान्य घरातील सुनेचे माहेरचे नाव बहुतेक वंशावळींत नसतेच, मुलींची नावेही नसतात. ही उणीव जुन्या वह्यांतून भरून निघणार नाही. हयात असलेल्या आजी-पणजींना विचारूनच ती काही अंशी भरता येईल.

चार घरे एकत्र आली तर

एकट्याने हे काम रेंगाळते. एका शहरातील चार-पाच मराठी कुटुंबांनी गट केला तर कामाची वाटणी होते. एकाने मोडी शिकावी, एकाने प्रयाग-काशीच्या भेटीत सर्वांसाठी विचारपूस करावी, एकाने नाशिकशी पत्रव्यवहार ठेवावा, आणि एकाने तक्ता सांभाळावा. तक्त्यात प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले आणि कोणी वाचले हे लिहावे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन नोंदी जुळल्या तरच नाव पक्के धरावे. ऐकीव माहिती 'ऐकीव' म्हणूनच ठेवावी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, दत्तकाचे तपशील किंवा घरगुती कलह त्यांच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नयेत.

शोध करणाऱ्या प्रत्येकाला पराक्रमी पूर्वज मिळेल असे नाही. बहुतेकांना एखादा कारकून, भिक्षुक, शेतकरी किंवा शिपाई सापडेल, आणि दुष्काळ, कर्ज अथवा नोकरी हे गाव सोडण्याचे कारण असेल. तेही घराण्याचे खरे वृत्त आहे. वह्या आणि दप्तरे आणखी काही वर्षे थांबतील. घरातील वडीलधाऱ्यांची आठवण तेवढी थांबेलच असे नाही, म्हणून पहिली नोंद त्यांच्या तोंडून आजच उतरून घेणे श्रेयस्कर.